नऊवारीतला पाऊण वार

राजाभाऊंना लांबी वारांतच कळायची. मुलाच्या घराची बाल्कनी अडीच वार. जेवणाचं टेबल दोन वार आणि वर चार बोटं. जर्मनीतल्या बॉबलिंगेनच्या तळ्याकाठचा तो हिरवा बाक पावणेदोन. बघितलं की आकडा आपोआप डोक्यात यायचा. सांगलीच्या कापड पेठेत एकाच दुकानात, एकाच गादीवर बसून त्यांनी एकेचाळीस वर्षं कापड मोजलं होतं. दुकान सोडून आठ वर्षं झाली तरी डोळे काही मोजायचे थांबले नव्हते.

"बाबा, इथं वार म्हटलं तर कुणाला कळायचं नाही हं," त्यांचा मुलगा पद्माकर हसून म्हणायचा.

"कळायला कशाला हवं? मी काय कुणाला विकायला बसलोय?"

पद्माकर एकुलता एक. बॉबलिंगेनमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. लग्न झाल्या झाल्या इकडे आला तो इथलाच होऊन गेला. सून मीनल एका डॉक्टरांकडे अर्धा दिवस कामाला जायची. नात अन्वी तेरा वर्षांची, इथंच जन्मलेली. २००९ च्या फेब्रुवारीत राजाभाऊ तीन महिन्यांच्या व्हिसावर आले तेव्हा खिडकीबाहेर बर्फ होतं. आता मे निम्मा होत आला होता, समोरच्या झाडाला पानं फुटली होती, आणि रविवारचं परतीचं तिकीट पद्माकरनं फ्रीजवर चुंबकाखाली लावून ठेवलं होतं.

इथून त्यांना एकच गोष्ट न्यायची होती, आणि ती कुठल्या दुकानात मिळणारी नव्हती. अन्वीनं आपल्याशी मराठीत एक तरी पुरं वाक्य बोलावं.

अन्वीला मराठी समजायचं सगळं. "अन्वी, माझा चष्मा कुठं दिसला का गं?" म्हटलं की ती चष्मा आणून द्यायची. पण उत्तर जर्मनमधून. मराठीत मिळायचं ते 'हो', 'नको', 'बस', आणि 'आजोबा'. तीन महिन्यांत याच्या पुढं गाडी सरकली नव्हती. बरं, याचा दोष ते तिला देऊ शकत नव्हते. पाच वर्षांपूर्वी ती सांगलीला आली होती, आठ वर्षांची होती तेव्हा. आजी देवळातून परत आलेली दिसली तशी ही अंगणातून ओरडत आत धावली, "माझा आजी आला! माझा आजी आला!" घर सगळं हसलं. तिची मामे-मावस भावंडं पुढं पंधरा दिवस तिला 'माझा आजी' म्हणूनच हाक मारत होती. मीनल दर वाक्याला सांगायची, "तो नाही गं, ती." पोरगी हळूहळू गप्प झाली ती झालीच. त्या दिवशी सगळ्यांत मोठ्यानं कोण हसलं होतं, ते राजाभाऊंना चांगलं आठवत होतं. पोट धरून हसले होते ते.

एक मालिनीबाई तेवढ्या हसल्या नव्हत्या. "बोलू द्या हो तिला," म्हणाल्या होत्या. "आजी आला काय आणि आली काय. आले ना मी?"

मालिनीबाई म्हणजे राजाभाऊंची बायको. दीड वर्षापूर्वी गेल्या.

तर त्या आठवड्यातल्या सोमवारची गोष्ट. दुपारचा चहा चालला होता. अन्वी शाळेतून आली, दप्तर टाकलं, आणि एक कागदाचा चिटोरा आईपुढं नाचवत भराभर जर्मनमध्ये काहीतरी बोलू लागली. राजाभाऊंचा कान तिकडं असायचा, पण हाती काही लागायचं नाही. आज मात्र त्या बोलण्यातून दोन शब्द एकदम ओळखीचे निघाले.

"मीनल, काय म्हणाली गं ती? नाइन यार्ड्स?"

"अहो बाबा, शाळेचं आहे. प्रत्येकाला इंग्लिशमधला एकेक वाक्प्रचार दिलाय. त्याचा अर्थ सांगायचा, आणि तो कुठून आला ते शोधून वर्गासमोर बोलायचं. गुरुवारी हिचं रेफेराट आहे. हिच्या वाट्याला आलंय, 'द होल नाइन यार्ड्स'."

"म्हणजे काय?"

"म्हणजे सगळंच्या सगळं. काही मागं न ठेवता. आता बघा, लग्नात मंडप, बँड, घोडा, दोन वेळची पंगत, सगळं सगळं केलं, तर अमेरिकन माणूस म्हणेल, ते होल नाइन यार्ड्स गेले."

राजाभाऊंनी कप खाली ठेवला. एकेचाळीस वर्षं लुगड्याच्या प्रत्येक घडीवर मिलचं लेबल असायचं, आणि त्यावर इंग्रजीत ठळक छापलेलं असायचं, नाइन यार्ड्स. त्यांना इंग्रजी येत होतं ते जवळजवळ तेवढंच.

"नऊ वार! अगं, मग हे तर आपलं लुगडं!"

अन्वीनं मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. तीन महिन्यांत असं बघितलं नव्हतं.

"ती म्हणतेय," मीनल म्हणाली, "इंटरनेटवर तिनं बघितलं. कुणी म्हणतं, लढाईतल्या विमानात मशिनगनच्या गोळ्यांचा पट्टा नऊ यार्डांचा असायचा. कुणी काँक्रीटच्या गाडीचं सांगतं, कुणी शिडाच्या जहाजाचं. नक्की कुणालाच ठाऊक नाही म्हणे."

"कसं ठाऊक असणार? एखाद्या कापडवाल्याला विचारलंय का कुणी?" राजाभाऊ खुर्चीत पुढं सरकले. "सदऱ्याला लागतं अडीच वार. धोतराला पाच. कोटाला फार तर साडेतीन. नऊ वारांत पुरी होणारी वस्तू एकच. आठ दिले तर निऱ्या नीट पडत नाहीत, दहा दिले तर बाई त्यात गुरफटते. नऊ म्हणजे पुरं. सगळंच्या सगळं!"

"एख्ट?" अन्वी म्हणाली. खरंच?

एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण ती टेबलाशी बसली होती, हनुवटी हातावर टेकवून, आणि पुढं काय म्हणून वाट बघत होती. गिऱ्हाईक बसलं की माणसाच्या तोंडाला धार येते.

"मिरजेहून एक अमेरिकन डॉक्टरीणबाई यायच्या आमच्या दुकानात," ते म्हणाले. "उंच, गोऱ्यापान, केस असे पांढरे कापसासारखे. एकदा आल्या आणि म्हणाल्या, मला लुगडं पाहिजे. मालक म्हणाले, बाईसाहेब, तुम्हाला पाचवारी पुरे. तर नाही म्हणाल्या. बोट नाचवून म्हणाल्या, होल नाइन यार्ड्स! मीच मोजून दिलं. त्या गेल्या पुढं अमेरिकेला परत. तिथं जाऊन बोलल्या असणार. बोलता बोलता पसरलं असणार."

मीनलनं भाषांतर केलं. अन्वीचे डोळे मोठे झाले. तिनं वही ओढली आणि लिहायला लागली. मध्येच थांबून विचारलं, "आजोबा?" आणि पुढं जर्मन.

"बाईंचं नाव काय, विचारतेय."

"नाव..." राजाभाऊ अडखळले. "डॉक्टरीणबाईच म्हणायचो आम्ही."

त्या दिवशी संध्याकाळी अन्वी त्यांच्याबरोबर तळ्यापर्यंत चालत आली. बोलली नाही काही, पण आली. बदकांना पाव टाकू नये अशी पाटी होती ती तिनं बोटानं दाखवली, आणि मग दोघांनी पाव टाकला. राजाभाऊंना फार बरं वाटलं. आणि आत कुठंतरी बारीक टोचतही राहिलं.

बुधवारी दुपारी मीनल म्हणाली, "बाबा, हिला खरी नऊवारी बघायचीय. मोजून फोटो काढून वर्गात दाखवायचाय. आता आपल्याकडे कुठली असायला? माझ्या सगळ्या साड्या त्या..."

राजाभाऊ उठून आपल्या खोलीत गेले, पलंगाखालची बॅग ओढली, आणि तळाला हात घालून एक पुडकं काढलं. धुतलेल्या धोतराच्या फडक्यात बांधलेलं. आत हिरवं इरकली लुगडं होतं, लाल काठाचं.

मीनल पटकन पुढं आली. "अहो बाबा, हे आईंचं. तुम्ही हे... इतकं लांब?"

"असू दे म्हटलं बरोबर."

त्या बोलण्यात काय काय होतं ते सांगायचं तर मागं जायला हवं. पद्माकर मॅट्रिकला पहिल्या वर्गात आला त्या वर्षी राजाभाऊंनी हे लुगडं घेतलं. दुकानातलंच, पण उराशी धरून आणल्यासारखं आणलं. मालिनीबाई आयुष्यभर नऊवारी नेसल्या. पेठेतल्या त्यांच्या वयाच्या सगळ्या बायका एकेक करून पाचवारीत गेल्या, या गेल्या नाहीत. पुढं, सहा वर्षांपूर्वी, पद्माकरनं दोघांना इकडं बोलावलं. फोनवर सहज म्हणाला, "आईला सांगा, पाचवारीची सवय करून घे म्हणावं. इथं थंडी, बर्फ, बसमध्ये चढायचं." त्याच्या मनात वाकडं काही नव्हतं. पण राजाभाऊंनी तेच धरून ठेवलं. रोज सांगायचे, अगं गोल नेसून बघ, तिथं लोक बघतील, हसतील. मालिनीबाईंनी दोन दिवस नेसून बघितली. तिसऱ्या दिवशी पाचवारीची घडी घालून शेजारच्या सुधाताईंना देऊन टाकली.

"अहो, पाच वारांत मी अर्धीच येते बघा," म्हणाल्या. "अर्ध्या बाईला घेऊन काय करणार तिथं? येईन तर सगळी येईन."

"मग राहा इथंच," राजाभाऊ तडकून बोलले होते.

बोलून गेले, झालं. त्या वर्षी जायचं राहिलं. पुढच्या वर्षी मालिनीबाईंचे गुडघे, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी काही, आणि मग ते दुखणं आलं ज्यातून त्या उठल्या नाहीत. राजाभाऊ एकटेच विमानात बसले तेव्हा बॅगेच्या तळाशी हे लुगडं ठेवलं. सगळी नाही तर नाही, लुगडं तरी पोचू दे. असं काही ते कुणाला बोलून दाखवणारे नव्हते.

आता प्रश्न आला तो पसरायचं कुठं. बैठकीची खोली सोफ्यानं खाल्लेली. आतली बोळ पुरती पाच वारही नव्हती. अन्वीनं दार उघडून जिना दाखवला. त्या आठवड्यात जिना झाडायची पाळी, केअरवोखे म्हणतात ती, यांच्याच घराची होती, आणि सकाळीच राजाभाऊंनी दोन मजल्यांचं ट्रेपनहाउस, म्हणजे जिन्याचं सगळं आवार, स्वतः झाडून, ओल्या फडक्यानं पुसून काढलं होतं. जमिनीवर जेवायला बसावं इतकं लख्ख.

"चालेल," ते म्हणाले. "चांगली जागा आहे."

पदर वरच्या कठड्याशी आणि लुगडं पायऱ्यांवरून खाली, असं ते सोडत गेले. हिरवा रंग पायरीपायरीनं उतरत गेला. खालच्या मजल्यावरच्या फ्राउ हेबर्लेंनी दार उघडलं. ऐंशीच्या घरातल्या बाई. जिन्यात चप्पल जरी दिसली तरी चिठ्ठी लावणाऱ्या. मीनलचा चेहरा पडला. "आता आली का पंचाईत," ती पुटपुटली.

फ्राउ हेबर्लेंनी लुगड्याकडे बघितलं, वर बघितलं, एप्रनला हात पुसले, आणि खाली लोळणारं टोक अलगद उचलून दोन्ही हातांनी ताणून धरलं. चादरीची घडी घालायला मदत करावी तसं. मग वर बघून मानेनं खूण केली. ओढा तुम्ही.

राजाभाऊंना हसू आलं. धुवट कापडाचं टोक समोरच्या बाईनं कसं धरलंय यावरून तिचा हात कळतो. या बाईचा हात जाणता होता.

ते वरून मोजायला लागले. छातीच्या मधोमध कापड धरायचं, दुसरा हात ताठ करून बोटांपर्यंत ताणायचं, की झाला एक वार. "लाभ," ते म्हणाले. मग, "दोन. तीन."

"मोमेंट," अन्वी म्हणाली. एक बोट वर केलं. आइन्स कुठं गेला?

"अगं, पहिल्या मापाला एक म्हणायचं नसतं. लाभ म्हणायचं. माझे वडील धान्याच्या बाजारात मापारी होते, त्यांची ही पद्धत. दुकानात मालक चिडवायचे मला, पण मी सोडली नाही."

"लाभ," अन्वी पुटपुटली. तिला तो शब्द आवडलेला दिसला.

"चार. पाच. सहा. सात. आठ." आणि हात पुढं ताणला तर कापडच नव्हतं. वीतभर पुढं फ्राउ हेबर्लेंची बोटं.

राजाभाऊंनी परत मोजलं. या वेळी अन्वी पद्माकरची घडीची लाकडी मोजपट्टी, त्सोलश्टॉक, घेऊन आली आणि पायरीवर गुडघे टेकून सेंटिमीटर लिहीत गेली. सात मीटर चौपन्न. नऊ यार्डांचे व्हायला हवे होते आठ मीटर तेवीस. तिनं कागद त्यांच्यापुढं धरला.

"सव्वाआठच भरतंय," राजाभाऊ म्हणाले. त्यांचा आवाजच बदलला होता. "असं कसं होईल? मी स्वतः मोजून घेतलंय. पुरे नऊ होते. चार बोटं जास्तच होते."

फ्राउ हेबर्लेंनी हातातलं टोक त्यांच्यासमोर धरलं आणि कडेवरून बोट फिरवलं. तिथं मागावरची मूळ कड नव्हती. कापलेलं होतं, आणि आतून बारीक हातशिलाईनं दुमडलेलं. ते टाके राजाभाऊंनी ओळखले. त्यांच्या सदऱ्यांच्या गुंड्या त्याच टाक्यांवर चाळीस वर्षं टिकल्या होत्या. मालिनीबाईंनीच कापलं होतं, आतल्या बाजूचं, जे नेसल्यावर कुणाला दिसत नाही. कधी कापलं, कशाला, काही बोलल्या नव्हत्या. आणि मग किती वर्षं त्या सव्वाआठ वारांत वावरल्या असतील, समोरून जात येत राहिल्या असतील. उभी पेठ ज्यांच्या नजरेच्या मापावर विश्वास टाकायची, त्या माणसाला आपल्या बायकोच्या अंगावरचा पाऊण वार कमी झालेला दिसला नव्हता.

ते पायरीवर बसले.

अन्वी त्यांच्या शेजारी येऊन बसली. कापलेलं टोक तिनं हातात घेतलं होतं. लाल काठ दोन बोटांत धरून ती कितीतरी वेळ चोळत राहिली. नाकाशी नेला. मग वहीकडे बघितलं, आजोबांकडे बघितलं, आणि हळू आवाजात काहीतरी विचारलं.

मीनलला भाषांतर करायला जड गेलं. "ती विचारतेय... माप चुकलं, तर मग ती डॉक्टरीणबाईंची गोष्ट तरी खरी आहे ना?"

राजाभाऊंना वाटलं, आता हो म्हणावं आणि विषय संपवावा. उद्या ती वर्गात उभी राहून सांगेल. कुणी हसेल. एकदा हसून झालेलंच आहे तिच्यावर.

"नाही गं," ते म्हणाले. "डॉक्टरीणबाई यायच्या, ते खरं. पण पडद्याचं कापड न्यायच्या. लुगड्याला त्यांनी कधी हात लावला नाही. तू ऐकत होतीस, म्हणून मी लांबवत गेलो. ते वहीतलं खोडून टाक. कुठून आलं ते कुणाला ठाऊक नाही असंच सांग. मलाही ठाऊक नाही."

मीनलनं भाषांतर केलं नाही. करायची गरजच नव्हती. अन्वी उठली, लुगड्याचं टोक त्यांच्या मांडीवर ठेवलं, आणि वर गेली. तिच्या खोलीचं दार लागलेलं जिन्यात ऐकू आलं.

फ्राउ हेबर्लेंनी आणि मीनलनं मिळून लुगड्याची घडी घातली. काठाला काठ, पदर वर. राजाभाऊ बघत राहिले. हात पुढं करावासा वाटेना.

रात्रीच्या जेवणाला अन्वी आली, जेवली, गेली. पद्माकरनं विचारलं, "काय झालं हिला?"

"काही नाही," राजाभाऊ म्हणाले. "माझ्याकडून झालं."

गुरुवार उजाडला. अन्वी सकाळी लवकर गेली, तिची पाठ तेवढी दिसली. राजाभाऊंनी बॅग भरायला घेतली. लोकरीची टोपी, औषधं, सुधाताईंसाठी घेतलेली चॉकलेटं. लुगडं पलंगावर काढून ठेवलं होतं, ते सगळ्यांत शेवटी ठेवायचं म्हणून. मध्येच हात थांबायचा. उगाच आणलं हे, असं वाटायचं. तिथं कपाटात होतं तेव्हा निदान नऊ वार होतं, माझ्यापुरतं तरी. इथं आणलं आणि इथंही ती पुरी आली नाही. बरं, तिनं कापलं तर कापलं, आपल्याला सांगितलं का नाही? सांगण्यासारखा माणूस आपण होतो का? असल्या विचारांना अंत नसतो. ते खिडकीशी जाऊन बसले आणि समोरच्या बसथांब्याच्या छपराची लांबी मोजत बसले. तीन वार. परत मोजली. तीनच.

दीडला कुलूप वाजलं. अन्वी आणि मीनल बरोबरच आल्या, वाटेत भेटल्या होत्या.

"झालं हं हिचं रेफेराट," मीनल बाहेरून म्हणाली. "त्स्वाय प्लुस मिळाला. चांगला असतो तो. आणि बाबा, हिनं काय सांगितलं माहितीय? मशिनगन, काँक्रीट, जहाज, सगळं सांगितलं, आणि म्हणाली, खरं काय ते कुणालाच ठाऊक नाही. पण आमच्या घरी नऊ यार्ड म्हणजे आजीचं लुगडं. बाईंनी विचारलं, मग वाक्प्रचार तिथून आला असेल का? तर म्हणाली, नाही. माझे आजोबा कापडातले जाणकार आहेत, त्यांनी स्वतः सांगितलंय, नाही म्हणून."

"कापडातले जाणकार," राजाभाऊंनी नुसतंच परत म्हटलं.

अन्वी आपल्या खोलीत गेली होती. ती दारात आली ती हात पाठीमागं धरून. चेहरा लाल. मग काय वाटलं कोण जाणे, तिनं हात पुढं केला.

एक फडकं होतं. कधीकाळी हिरवं असावं, आता पाण्यासारखं फिकं झालेलं, मधे झिजून जाळी पडलेली. पण दोन्ही बाजूंना काठ होते, आणि काठांचा लाल रंग अजून शाबूत होता.

"अगं बाई," मीनल म्हणाली. "हिचं श्मूझेटूख! बाबा, हे लहानपणी हिला झोपताना लागायचं. मला वाटलं, कधीच टाकून दिलं असेल. हिच्या जन्माच्या वेळी आईंनी पाठवलेलं दुपटं हो हे. नव्या कापडाचं टोचतं, नेसून मऊ झालेल्याचंच करायचं असतं, असं चिठ्ठीत लिहिलं होतं त्यांनी. माझ्या लक्षातच आलं नाही काल."

तेरा वर्षांची मुलगी अजून तो चिंधीसारखा तुकडा उशाशी घेऊन झोपते, हे आईलाही माहीत नव्हतं. काल जिन्यात काठ हातात आला तेव्हाच पोरीनं ओळखला होता. तिचं दार लागलं ते रागानं नव्हतं.

अन्वी पलंगापाशी आली. लुगड्याची घडी तिनं थोडी उलगडली, कापलेलं टोक शोधलं आणि दुपट्याची कड त्याला नेऊन भिडवली. काठाला काठ लागला. राजाभाऊंनी न मोजता बघितलं, पाऊण वार होता.

ती त्यांच्याकडे बघत राहिली. ओठ हलले, थांबले. आतल्या आत एकदा म्हणून बघितलं असावं. मग म्हणाली,

"आजोबा, बाकीची माझ्याकडे आहे."

लुगडं ते. बाकीचं म्हणायला हवं होतं. मीनलनं सवयीनं तोंड उघडलं, तोच राजाभाऊंनी हात वर केला.

"राहू दे," ते म्हणाले. "बरोबर बोलली ती. अगदी बरोबर बोलली."

अन्वीनं एकदा आईकडे, एकदा त्यांच्याकडे बघितलं. कुणी हसत नव्हतं. मग तिनं दुपट्याची बाहेरची कड छातीशी धरली, दुसरा हात ताठ केला, आणि जोडाच्या पलीकडे जाईपर्यंत कापड ताणलं, आजोबांनी काल ताणलं होतं तसं. तिचा हात आखूड, माप पुरं वारभर काही भरत नव्हतं.

"लाभ," ती म्हणाली.

"दोन," म्हणाले राजाभाऊ, आणि त्यांनी पुढचं कापड तिच्या हातात दिलं.